टोंकखुर्दचं दार

१३ मार्च १९०९, शनिवार. मुक्काम आमखो

दार फुकट मिळालं. आता फुकटाचा हिशेब मांडतो. टोंकखुर्दला आमच्या उमाशंकरांचं जुनं धान्याचं कोठार पडलं, त्याचं हे दार त्यांनी मैत्रीखातर मला दिलं. ते इथे आणायला नऊ दिवस लागले. देवासहून इंदूर, तिथून धार, धारेहून मांडवगड आणि पुढे घाट उतरून आमखो. वाटेत डाव्या बैलाचा खूर फुटला. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख गेलं. गाडीवान तिसऱ्या मुक्कामापासून बोलेनासा झाला. आणि उमाशंकर आता चारचौघांत मला ‘दारवाले भिया’ म्हणतात, ते नाव जन्मभर पुरेल. एवढ्या खटाटोपात मांडवगडच्या सुताराने दोन नवी करून दिली असती.

पण असा साग आता होत नाही. फळ्या चार बोटं जाड, वर लोखंडी फुल्या, आणि अंगठ्याएवढ्या कड्यांची साखळी. ती हलली की देवळातल्या घंटेसारखी वाजते. मी गाडीवानाला म्हटलं, अरे, अस्वलच काय, हत्तीने धडक दिली तरी हे दार हलायचं नाही, हवं तर लिहून ठेव. त्याला लिहिता येत नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

जागा नामी आहे. खाली नाला, नाल्यापलीकडे हाकेच्या जरा पुढे भिलांचा पाडा. घाटाची वाट उतरते ती आधी पाड्यावर, मग इकडे. चहूकडे मोहाची झाडं. मोह नुकता गळू लागला आहे, त्याचा गोड आंबूस वास साऱ्या रानाला. हंबीरराव सरदारांच्या अकरा दुभत्या म्हशी आणि सहा रेडकं इथे असतात, तूप धारेला जातं. आजपासून त्यांचा कारभारी मी. ज्यांच्या पागेत पखालीने पाणी भरलं, त्यांचाच. पावसाळ्यापर्यंत एकही जनावर कमी झालं नाही तर जागा कायमची तुझी, असं सरदार म्हणाले आहेत. म्हणजे जमुनेला देवासहून आणता येईल. लग्नाला अकरा वर्षं झाली. ती भावाच्या घरी, मी पागेत. दोघांचा मिळून एक उंबरठा असा अजून झालेला नाही.

१५ मार्च, सोमवार

मी बाविसाव्या वर्षी अक्षर शिकलो. म्हणून हात गंजू नये यासाठी ही वही. वर आलो तो मात्र अक्षराने नाही, कानाने. एकदा सरदारांची घोडी बाहेर निघाली आणि मी पाण्याच्या पखालीखालून ओरडलो की उजव्या मागच्या पायाचा नाल सैल आहे. सगळे हसले. नाल पाहिला तर दोन खिळे उरलेले. त्या दिवशी सरदारांना घाट उतरायचा होता. तेव्हापासून ते मला कानाजी म्हणतात, आणि मीही कान टवकारूनच राहतो.

इथेही तेच केलं. अकरा म्हशींच्या गळ्यात अकरा घंटा, प्रत्येकीचा आवाज वेगळा. खाटेवर पडल्या पडल्या कोण कुठे चरते ते सांगतो. गुराखी थावरिया, पाड्यावरचा म्हातारा भील, त्याने परीक्षा घेतली. डोळे बांधून अकराच्या अकरा ओळखल्या. तो म्हणाला, बापूजी, तुम्ही रानात जन्मायला हवं होतं. त्याची बायको झमकू शेण गोळा करत होती. ती म्हणाली, रानात जन्मले असते तर इतकं बोलले नसते.

निघताना देवासला कृष्णरावांना भेटून आलो होतो. माझ्याआधी इथे तेच होते. भिंतीकडे तोंड करून बसले होते, उपरणं डोक्यावरून पुढे ओढलेलं. ओठांची अक्षरं, प, ब, म, त्यांच्या तोंडून निघत नव्हती. दात काढले असावेत. मी शंभर गोष्टी विचारल्या, त्यांनी एकच सांगितली. स्वयंपाकाला बसाल तेव्हा दोन भाकऱ्या जास्तीच्या करत जा. पाहुण्यांची वर्दळ असेल, असं मी समजलो. इथे तर चिटपाखरू येत नाही.

१७ मार्च, बुधवार

दार गोठ्याला बसवलं. चौकट मीच उभी केली. माझ्या झोपडीला बांबूची ताटी आहे, तिच्यावर शेण लिंपलेलं. थावरिया हसला, की म्हशी सागवानामागे आणि मालक ताटीमागे. मी म्हटलं, बाबा रे, सरदार मला मोजणार नाहीत, म्हशी मोजणार आहेत.

अस्वलांचं विचारलं. इकडे रीछ म्हणतात. मोह गळतो तेव्हा पहाटे आणि तिन्हीसांजेला ती खाली येतात. मांस खात नाहीत, जनावराच्या वाटेला सहसा जात नाहीत. पण अवचित समोर आलं की उभी राहतात आणि पंजा मारतात तो तोंडावर. पाड्यात दोघे आहेत असे. म्हणून पहाटे मोह वेचायला निघालेली माणसं डबा बडवत जातात, की आम्ही येतोय, तू सरक.

डबा माझ्याकडे नव्हता. पण माळ्यावर मडक्यांमागे एक डुगडुगी सापडली. मूठभर आकाराची, चामडं काळंकुळकुळीत, दोऱ्याला दोन गाठी. मनगट हलवलं की असा तडतडाट की नाल्यापलीकडून उत्तर येतं. सोबत एक आखूड काठी, टोकाला लोखंडी कडं. थावरियाने ती पाहिली आणि उठून बाहेर गेला. मागाहून एवढंच म्हणाला, की ते वाद्य आपलं नाही, ठेवून द्या. मी म्हटलं, वाद्य ज्याच्या हातात त्याचं. त्यावर तो म्हशींकडे वळला. कारभाऱ्याला दुसऱ्यांदा सांगायची इकडे रीत नाही.

२२ मार्च, सोमवार. पाडवा

गुढी उभारली. बांबू रानातला, तांब्या दुधाचा, कडुनिंब हवा तेवढा.

पाच दिवस झाले, रोज उजाडताना आणि दिवस बुडताना गोठ्याभोवती डुगडुगी वाजवत फेरी मारतो. पहिल्या दिवशी समोरच्या टेकडीवर दोन अस्वलं होती, आवाजासरशी पळाली. तेव्हापासून एक दिसलं नाही. पाड्यावरचे डबे बडवून हात दुखवून घेतात. युक्ती ती युक्ती.

तुपाच्या गाडीबरोबर जमुनेला निरोप धाडला, की अक्षय्यतृतीयेला ये. दाराचाच गाडीवान आणेल. भांडी फार आणू नकोस, खलबत्ता तेवढा आण.

३० मार्च, मंगळवार

नाल्याच्या वाळूत पावलं. अस्वलाचीच, माणसाच्या तळव्यासारखी, पुढे नखांच्या रेघा. मोहाच्या दिवसांत त्यात नवल नाही. नवल हे की पावलं दोनच पायांची. एकामागे एक, सरळ, माणूस चालतो तशी. चार पायांचं जनावर पंचवीस-तीस पावलं दोन पायांवर कशाला चालेल?

थावरियाला दाखवली. त्याने पायाने पुसून टाकली आणि म्हणाला, म्हशी आज दुसरीकडे नेतो.

२ एप्रिल, शुक्रवार

तिन्हीसांज. म्हशी परतत होत्या. मी सवयीने ऐकत होतो. भुरी, चांदणी, मोठी चांदणी, वाकडशिंगी. अकरा झाल्या. अकरावी गोठ्यात शिरली.

मग बारावी वाजली.

बारीक आवाज. घंटेचा नाही, घुंगराचा; एकाच घुंगराचा, तोही चिरका. मोहांच्या रांगेमागे. मी डुगडुगी वाजवत होतो. वाजवायचा थांबलो, तेही थांबलं. वाजवली, तेही सरकलं.

थावरियाला विचारलं, पाड्यातलं कोणाचं शेळीचं पिल्लू चुकलंय का. तो म्हणाला, नाही.

५ एप्रिल, सोमवार

आता रोज बारावी असते. जवळ आली आहे. पहिल्यांदा मोहांपाशी, मग उकिरड्यापाशी, काल पाण्याच्या दगडापाशी. मी फेरी वाढवली, डुगडुगी दुप्पट वाजवतो. जितकी वाजवतो तितकं—

छे. कान भरून येत असतील. उन्हाळा आहे.

आज दिवस बुडता बुडता मी चुलीपाशी होतो आणि गोठ्याची साखळी वाजली. तीनदा. मग थांबली. मग पुन्हा तीनदा. वाऱ्याने वाजते ती फरफटत. ही कोणी हाताने धरून वाजवली, एखादा मागतकरी दाराशी येऊन वाजवतो तशी. थावरियाच असणार म्हणून मी आतूनच हाक दिली, की बस, आलो. बाहेर गेलो तर कोणी नव्हतं. थावरिया तासापूर्वीच घरी गेला होता.

साखळीला काळा केस. लांब.

९ एप्रिल, शुक्रवार

भुरीचं रेडकू मेलं. गोठ्याबाहेर अंगणात बांधलं होतं, फक्त मी दूध काढेपर्यंत. ओरडलंसुद्धा नाही. पाहिलं तर त्याला तोंड नव्हतं. बाकी अंग जसंच्या तसं. खाल्लेलं काही नाही.

सहातली पाच उरली. सरदारांना काय सांगू? वाघाने नेलं म्हणालो असतो तर इज्जत राहिली असती.

थावरियाने आज पहिल्यांदा माझा हात धरला. म्हणाला, बापूजी, ते वाजवणं बंद करा. मी चिडलो. म्हटलं, तेवढंच तर आहे माझ्याकडे.

१२ एप्रिल, सोमवार

सगळं लिहिणार, क्रमाने.

उजाडताना बाहेर पडलो, रोजच्यासारखी वाजवली. थावरिया मोहाखाली होता, नाल्याच्या अलीकडे. झमकूबरोबर मोह वेचत होता. मला ठाऊक होतं तो तिथे आहे. बारावी वर टेकडीवर होती. डुगडुगी वाजली आणि ती धावत सुटली, सरळ माझ्याकडे. वाटेत थावरिया वाकलेला होता. त्याने मान वर केली तेव्हा—

मी ओरड ऐकली. मग ओरडीतली ओठांची अक्षरं जाताना ऐकली.

चौघांनी खाटेवर घालून पाड्यावर नेलं. जिवंत आहे. कृष्णरावांसारखा जिवंत.

झमकू रडली नाही. माझ्यासमोर उभी राहिली. ‘तमने बुलायो,’ म्हणाली, ‘तो वो अइ ग्यो.’ तुम्ही बोलावलं, तो आला. मग तिने सांगितलं ते असं.

दोन पावसाळ्यांपूर्वी एक दरवेशी अस्वल घेऊन इथे आला. पिल्लू होतं तेव्हापासून वाढवलेलं, नाकात वेसण, गळ्यात घुंगरू. गावोगाव फिरायचा. डुगडुगी वाजवली की ते दोन पायांवर चालत यायचं, दाराच्या साखळ्या तीनदा वाजवून मागायचं, कपाळाला पंजा लावून सलाम करायचं, आणि दर वेळी भाकरी मिळायची. दर वेळी. दरवेशी स्वतः उपाशी राहायचा, पण डुगडुगी रिकामी कधी वाजवायचा नाही. तो याच झोपडीत तापाने गेला. कृष्णरावांनी अस्वल मोहाला बांधून ठेवलं. धारेहून कोणी आलं की डुगडुगी वाजवून नाचवायचे. भाकरी द्यायची राहून जायची. एके दिवशी त्याने नाकाचं कातडं फाडून वेसण सोडवली.

मी सव्वीस दिवस, दिवसातून दोनदा बोलावलं. एकदाही भाकरी दिली नाही.

१५ एप्रिल, गुरुवार

वाजवणं बंद. डुगडुगी गव्हाणीत कडब्याखाली दडपली.

पाण्याच्या दगडावर दोन मक्याच्या भाकऱ्या ठेवल्या आणि ताटीच्या फटीतून पाहत बसलो. आला. मोठा आहे, माझ्याहून वीतभर उंच. छातीवर पांढरी चंद्रकोर. नाक दोन फाकांचं. भाकऱ्या खाल्ल्या. मग ताटीकडे वळला. मी आहे हे त्याला ठाऊक होतं. दोन पायांवर उभा राहिला आणि उजवा पंजा कपाळाला लावला.

मी आयुष्यभर दुसऱ्यांना मुजरे केले. आज मला कोणी केला, आणि मला घाम फुटला.

सलाम करून तो गेला नाही. उभाच राहिला.

१८ एप्रिल, रविवार

भाकरी ठेवतो. खातो. जात नाही. दोनच्या चार केल्या, आता सहा. पीठ संपत आलं.

सकाळी म्हशी सोडून पाड्याकडे हाकून पाहिल्या. वाटेत उभा होता, दोन पायांवर, हात खाली सोडून. म्हशी उधळून परत गोठ्यात शिरल्या. मी एकटा गेलो असतो तर? गेलो असतो. तो दहा पावलं मागे चालत आला असता, पाड्यापर्यंत, तिथे झमकूची नातवंडं अंगणात लोळतात. म्हणून नाही गेलो. भीतीनेही नाही गेलो, तेही लिहून ठेवतो.

नाल्याच्या काठावरून पाड्याला हाक दिली. ते म्हणाले, शनिवारी बाहेरगावची माणसं येतील, मग कुऱ्हाडी आणि ढोल घेऊन हाका घालून रान उठवू. शनिवार म्हणजे चोवीस.

जमुना शुक्रवारी येते.

म्हटलं, घाटावर माणूस धाडा, गाडी वरच थांबवा. म्हणाले, बघतो. घाटाच्या वाटेला एकटा कोण जाणार?

२१ एप्रिल, बुधवार

पीठ संपलं.

काल कण्या शिजवून ठेवल्या. हुंगल्या, भांडं उलटं केलं.

रात्रभर काही नाही. तो रात्रीचा नाहीच. उजाडताना आणि दिवस बुडताना, शिकवल्यासारखा. आज मात्र दुपारीही होता.

ताटीवर नखं. खरवडतो, थांबतो, ऐकतो. त्याचेही कान आहेत.

२२ एप्रिल

शेण निघालं. बांबू दिसतात.

म्हशी ओरडतात, कडबा संपला. पाणी पाजायला जाता येत नाही.

जमुने, येऊ नकोस—

२३ एप्रिल, शुक्रवार. अक्षय्यतृतीया

सकाळी ताटी गेली. मागच्या गवताच्या कुडातून बाहेर पडलो, वही कमरेला. गोठ्यात पळालो, दार लावलं, पाठीने रेटून धरलं. म्हशी आहेत. मी आहे.

फटीतून उन्हाची तिरीप येते, तेवढ्यात लिहितो.

साखळी वाजवतो आहे. तीनदा. थांबतो. तीनदा. सकाळपासून.

दुपार—

वाजवायचा थांबला. का ते मला कळलं. घाटावर गाडी. चार पावलांत एक अडखळतं. डावा बैल अजून लंगडतो. तीच गाडी. आणि बांगड्यांचा— नाही, बांगड्या इतक्या लांबून ऐकू येणार नाहीत. पण आल्या.

बारावी घाटाकडे निघाली.

ओरडलो. आवाज नाल्यापर्यंतही गेला नाही. घसा कोरडा.

गाडी पाड्यावर पोचली की झालं. तिथे माणसं आहेत. अजून दोन वळणं—

डुगडुगी काढली रिकाम्या गव्हाणीतून.

वाजवतोय. मधे मधे लिहितो, नाहीतर हात थांबेल—

थांबली बारावी. वळली. धावते.

येऊ दे. इकडे ये. इकडे.

एक वळण गेलं.

दाराशी आला. साखळी. तीनदा. मी वाजवतो, तो वाजवतो. भाकरी नाही रे बाबा, माझ्याकडे काही नाही, फक्त इथेच उभा राहा—

दुसरं वळण.

पाड्यावरची कुत्री. बैलांच्या घंटा थांबल्या. झमकूचा आवाज, चढा, कोणाला तरी घरात ओढते आहे. पोचली. जमुना पोचली.

आता वाजवत नाही.

साखळीही नाही. खालच्या फटीशी श्वास. फळीवर सगळं वजन. दार आत उघडतं, माझे पाय शेणावरून सरकतात—

चार बोटं साग. हत्तीने धडक दिली तरी हलायचं नाही, असं पहिल्या पानावर लिहिलंय. मीच.

पण हे कोठाराचं दार. कोठारात आत कोणी राहत नाही. साखळी बाहेर आहे. आतून याला कडीच—